कूलरसमोर मायनिंग मशीन: त्या मेसेजचा पंचनामा

उन्हाळा लागला की एक मेसेज विदर्भातल्या आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या ग्रुपांवर फिरायला लागतो. वर "खेड्यात बिटकॉइनची मशीन फुकटात थंड ठेवा", खाली जोडलेले हात, आणि मध्ये सहा उपाय. मशीन कूलरसमोर ठेवा. धूळ जाऊ नये म्हणून खोली बंद ठेवा. झाकण काढून टाका. महिन्यातून एकदा पंक्चरच्या दुकानात हवा मारून आणा, चिकट मळ असेल तर पेट्रोलनं धुवा. तरीही तापत असेल तर डीपीच्या, म्हणजे रोहित्राच्या, तेलात बुडवा. आणि वीज शेतपंपाच्या लाइनवरून घ्या.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मायनिंग मशीन हा काही माझा धंदा नाही, पण तालुक्यात दुसरं कोण उघडून बघणार, म्हणून माझ्याकडे येतात. मागच्या मे महिन्यात शेजारच्या गावचा एक पोरगा पोत्यात गुंडाळून एक घेऊन आला. जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. म्हणाला, "काका, तीन बोर्डांतला एकच दाखोते. बाकीचे मेले काय?" उघडली तर हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, पात्यांवर पांढरा पापुद्रा, जसा जुन्या कूलरच्या गवतावर धरतो तसा. मी विचारलं, "कूलरसमोर ठेवली होती काय रे?" त्यानं मोबाइल काढून तो मेसेज दाखवला.

आधी मशीन म्हणजे काय ते समजून घेऊ. उदाहरणाला अँटमायनर एस१९ घ्या, २०२० साली बाजारात आलेली. तिचं ९५ टेराहॅशचं (हे गणितं करायच्या वेगाचं माप) मॉडेल ३२५० वॉट खातं. बिटकॉइन मिळवायला ती सतत गणितं करते, पण खाल्लेली वीज शेवटी सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे बादलीत टाकायच्या दीड हजार वॉटच्या दोन रॉड रात्रंदिवस पेटलेल्या, वर अडीचशे वॉट वरकड. एक टनाचा एसी ज्या गतीनं उष्णता ओढतो, जवळपास तेवढ्याच गतीनं ही एकटी मशीन उष्णता टाकते. या मशिनींना आत ओढायची हवा फार तर ४० ते ४५ अंशांपर्यंत चालते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सावलीतच ४५ असतं.

आता कूलर. मेसेज लिहिणाऱ्याला इथं पूर्ण खोटं पाडता येत नाही, हे मी कबूल करतो. मे महिन्यातली आपली हवा कोरडी ठक्क असते. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता धरली, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २४ च्या आसपास थांबतो, म्हणजे पाणी उडवून हवा फार तर तेवढीच गार करता येते. ताट्या चांगल्या भिजलेल्या असतील तर कूलरमधून २८-३० अंशांची हवा येते. मशिनीला ती अमृतासारखी. म्हणून पहिले पंधरा दिवस मशीन गुपचूप चालते आणि माणूस तो मेसेज आणखी चार ग्रुपांवर टाकतो.

घात होतो तो पाण्यानं. आपण खारपाणपट्ट्यात राहतो, जमिनीतलं पाणीच खारं. प्यायला शहानूर धरणाचं पाणी नळाला येतं, पण कूलरमध्ये ते कोण ओततं? तिथं बोअरचंच जातं. कूलरच्या झोताबरोबर बारीक तुषार उडतात, अंगाला गार वाटतं ते थोडं त्यांच्यामुळंही. ते गरम बोर्डावर पडले की पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं. मशीन चालू आणि गरम आहे तोवर हा थर कोरडा असतो, काही बिघडत नाही. पण मिठाचा गुण सगळ्या बायाबापड्यांना माहीत आहे: पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, आणि बोअरच्या पाण्यातले इतर काही क्षार तर त्याच्या बरेच आधी. ओलं मीठ म्हणजे वीज वाहणारा रस्ता. चिपच्या दोन पायांमध्ये केसाएवढं अंतर असतं.

त्या पोराच्या घरी नेमकं काय झालं ते ऐका. मशीन लाइनवर होती, कूलर इन्व्हर्टरवर. रात्री लाइन गेली. मशीन थांबली, थंड झाली, आणि कूलर तिच्या तोंडावर रात्रभर ओली हवा मारत राहिला. पहाटे लाइन आली, मशीन आपोआप सुरू झाली आणि दोन बोर्ड गेले. पावसाळ्यात तर कूलरचा तोही उपयोग नाही. हवाच ओलीचिंब असते, पाणी उडतच नाही, कूलर नुसता दमट वारा फेकतो.

कूलर वापरायचाच असेल तर दुसऱ्या खिडकीत, मशिनीपासून आठ-दहा फूट लांब आणि तिरपा लावा. तुषार खाली बसले पाहिजेत, फक्त हवा पुढं गेली पाहिजे. पाणी नळाचं. आणि मशीन व कूलर एकाच लाइनवर, म्हणजे थांबले तर दोघंही थांबतील. पहिला पाऊस पडला की कूलर बंद.

"खोली बंद ठेवा" हा दुसरा उपाय, आणि सगळ्यात वेडगळ. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या. त्यात साधारण २८ घनमीटर हवा मावते, वजन तीसेक किलो. ३२५० वॉटनं नुसती तेवढी हवा तापवली तर मिनिटाला सहा अंशांनी चढते. भिंती थोडा वेळ उष्णता पितात म्हणून प्रत्यक्षात वेळ लागतो एवढंच. टिनाची खोली असेल तर भिंतीही आपल्या बाजूनं नसतात. कूलर बंद खोलीत लावला तर आणखी वाईट. कूलरला हवा बाहेर जायला वाट पाहिजे, हे आपली आजीही सांगेल, नाहीतर खोलीचा हमाम होतो.

मशीन थंड करायची नसते, तिची गरम हवा घराबाहेर काढायची असते. मशिनीच्या एका तोंडातून हवा आत जाते, दुसऱ्यातून बाहेर येते, साधारण १५ अंशांनी तापून. यासाठी तिला मिनिटाला बाराएक घनमीटर हवा लागते. म्हणजे दर अडीच मिनिटांत त्या खोलीतली सगळी हवा बदलायला पाहिजे. टिनवाल्याकडून पत्र्याचा चौकोनी बोगदा करून घ्या, मशिनीच्या मागच्या तोंडाला लावा आणि थेट भिंतीबाहेर काढा. उन्हाळ्यात आपल्याकडे झळ पश्चिमेकडून येते, म्हणून बाहेरचं तोंड पूर्वेला. हवा आत घ्यायची खिडकी उत्तरेची, सावलीतली. गरम हवा वळसा घालून परत पुढच्या तोंडात शिरली तर बाकीचं सगळं केलेलं वाया.

धुळीची भीती मात्र खरी आहे, आणि इथं आपण पुण्या-मुंबईच्या पुढे आहोत. दसऱ्यानंतर कापूस निघतो, जिनिंग सुरू होतात, आणि हवेत तंतू उडतात. सोयाबीन आणि तुरीच्या मळणीचा भुसा, रस्त्यावरचा फुफाटा, वर चुलीचा धूर. धूर चिकट थर देतो, तंतू त्यावर बसतात, आणि पात्यांमध्ये नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारखा घट्ट थर, तयार होतो. त्याला नुसती हवा मारली तर तो निघत नाही, आणखी घट्ट बसतो. उपाय खोली बंद करणं नाही, आत येणारी हवा गाळणं. खिडकीला मच्छरदाणीची जाळी आणि तिच्या आत गाळणीचं कापड, जेवढं मोठं तेवढं चांगलं, कारण छोट्या तुकड्यातून पंख्यांना हवा ओढताना दम लागतो. जिनिंगच्या दिवसांत ते कापड तीन-चार दिवसांनी धुवा.

साफ करायची वेळ कधी झाली, हे कॅलेंडर बघून ठरवू नका. दोन साधे थर्मामीटर आणा, एक पुढच्या तोंडाशी, एक मागच्या. नवीन साफ केलेल्या दिवशी दोघांतला फरक लिहून ठेवा. समजा १५ आला. वीज तेवढीच खाताना तो २०-२२ वर गेला, म्हणजे हवा कमी झाली: जाळी तुंबली, पात्यांत नमदा झाला किंवा पंखा थकला.

झाकण काढायचा उपाय लोकांना फार पटतो, कारण टीव्ही तापला की आपण त्याचं मागचं झाकण काढतो. या मशिनीचं झाकण म्हणजे बोगदा आहे. ते असल्यामुळेच पंख्यांची हवा पात्यांच्या मधून जाते. काढलं की हवा सोपी वाट धरते, वरच्यावर निघून जाते, आणि मागच्या टोकाच्या चिप भाजतात. पिठाच्या गिरणीचा तोटा काढून पीठ डब्यात पडेल अशी अपेक्षा करावी, तसं हे.

पंक्चरच्या दुकानाबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण ते दुकान माझ्या शेजारीच आहे आणि मालक दोस्त आहे. त्याच्या हवेच्या टाकीच्या खालची तोटी उघडली तर आधी चहाच्या रंगाचं पाणी निघतं, मग हवा. कॉम्प्रेसरचं तेलही त्यात असतं. ट्रकच्या टायरला लागणाऱ्या दाबानं ते पाणी-तेल बोर्डावर मारणं म्हणजे उद्याच्या धुळीला डिंक लावणं. शिवाय हीटसिंक कित्येक मशिनींत चिपवर नुसता चिकटवलेला किंवा झाळलेला असतो. जवळून जोराचा फवारा बसला तर एखादा सुटतो, आणि सुटलेल्या हीटसिंकखालची चिप फार वेळ टिकत नाही. त्याहून न दिसणारी गोष्ट म्हणजे पंखा. हवा मारली की तो भिंगरीसारखा फिरतो, लोकांना मजा वाटते. फिरणारा पंखा उलटा वीज तयार करतो आणि ती बोर्डाच्या दिशेनं जाते. बेअरिंगही त्याच्या नेहमीच्या वेगापलीकडे घासतं.

माझी पद्धत अशी. प्लग काढायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, मशीन अंगणात न्यायची. पंखे खोलून वेगळे ठेवायचे, जमत नसेल तर पात्यात पेन्सिल अडकवायची. दीड इंची मऊ पेंटब्रशनं नमदा मोकळा करायचा आणि चिमट्यानं ओढायचा. मग साधा हातातला ब्लोअर, वीतभर लांबून, मागच्या तोंडाकडून पुढच्या तोंडाकडे, म्हणजे कचरा आला त्याच वाटेनं बाहेर जातो. घरातला व्हॅक्युम क्लीनर बोर्डाला लावू नका, त्याच्या प्लास्टिकच्या नळीवर स्थिर वीज साठते. चुलीच्या धुराचा चिकट थर असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल, ९९ टक्केवालं, ब्रशला लावून. करोनात उरलेलं सॅनिटायझर नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पुसून झालं की पंख्याखाली तासभर पूर्ण वाळू द्यायचं.

पेट्रोलबद्दल काय बोलू? कोंडलेल्या खोलीत पेट्रोलची वाफ आणि पहिल्यांदा चालू करताना उडणारी एक ठिणगी. तेरवीचं जेवण मशिनीचं की माणसाचं, एवढाच प्रश्न. चिप आणि हीटसिंकच्या मध्ये लावायच्या थर्मल पेस्टऐवजी टूथपेस्ट चालते असंही त्या मेसेजच्या एका आवृत्तीत आहे. चालते, काही दिवस. पाणी उडालं की तिचा खडू होतो.

डीपीच्या तेलाची गोष्ट मात्र हुशारीतून आली आहे. मशीन वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून थंड करणं ही खरीखुरी पद्धत आहे, मोठ्या ठिकाणी वापरतात. पण तिथं तेल पंपानं फिरतं, रेडिएटरमधून जातं, बाहेर उष्णता टाकून परत येतं. मेसेजमध्ये आहे नुसता दोनशे लिटरचा ड्रम. हिशोब करा: दोनशे लिटर तेल म्हणजे साधारण १७५ किलो, आणि ३२५० वॉटनं ते तासाला जवळपास ३५ अंशांनी तापतं. ड्रमच्या अंगातून थोडं निघून जाईल, पण सकाळी ३५ वर सुरू केलेलं तेल तासाभरात ७० च्या आसपास जाईल. पंखे तेलात फिरत नाहीत, ते काढावे लागतात, आणि पंखे दिसले नाहीत तर मशिनीतलं मूळचं फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारा आतला प्रोग्राम, तिला चालूच होऊ देत नाही. वायरींचं प्लास्टिक तेलात राहून कडक होतं. वरून डीपीतलं जुनं तेल शुद्ध नसतं: ओल, गाळ, आम्ल. ते पेटतंही. आणि ते तेल येतं कुठून? ज्या रोहित्रातून काढलं त्यावरच्या वीस शेतकऱ्यांचा हरभरा वाळतो. आमच्याकडे तेल गेल्यानं जळलेलं रोहित्र ज्यानं बदलून घेतलंय, त्याला विचारा किती चकरा पडतात.

शेतपंपाच्या विजेचा मुद्दा लवकर संपतो. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे, ती पंपांना. दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागतं, दुप्पट दरानं आकारणी होते. आकडा टाकला तर कलम १३५, ती सरळ चोरी. आणि शेतातली लाइन आठ-दहा तासांची, व्होल्टेज १८० वर घसरलेलं. ही मशीन २०० ते २४० व्होल्टसाठी बनलेली आहे. कमी व्होल्टेजवर तिनं ओढ धरलीच तर १४ अँपिअरऐवजी १८ ओढते. मग मशीन तापण्याआधी प्लग तापतो. सोळा अँपिअरचे वितळलेले सॉकेट माझ्याकडे डबाभर आहेत.

त्या पोरानं शेवटी पत्र्याचा बोगदा करून घेतला, आणि मे महिन्यात दुपारी अकरा ते सहा मशीन बंद ठेवतो. "मंग परवडते काय?" असं मला विचारत होता. दिवसभर चालली तर ७८ युनिट, सात तास बंद ठेवली तर पंचावन्नच्या आसपास. युनिटचा दर तुझ्या बिलावर आहे, म्हटलं, आणि मिळकतीवर ३० टक्के कर, त्यातून विजेचा खर्च वजा होत नाही. तो कागद घेऊन ओट्यावर बसला, बराच वेळ बसला. गेलेले दोन बोर्ड नेले नाहीत त्यानं. एक माझ्या फळीवर आहे, पांढऱ्या थरासकट. कोणी मेसेज दाखवला की मी बोर्ड दाखवतो.