बॅटरी चार्ज आहे ना? मग चला!

पावसापाण्यात रिमोटवर चालणारं रेडिओचं विमान उडवू नये, असं सांगणारी माणसं तुम्हाला गल्लोगल्ली भेटतील. त्यांच्या घरी जाऊन बघा. विमान कपाटावर, त्यावर जुन्या साडीचं पांघरूण, दोन्ही पंख जागच्या जागी. असल्या माणसाकडून काय शिकायचं?

शिवाय बेळगावात राहून चांगल्या हवेची वाट बघणाऱ्यानं हा नाद लावूनच घेऊ नये. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला वळीव उठतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग निघतो, मग आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, मग पुष्याचा म्हातारा पाऊस, आणि पुष्कळदा म्हातारा तरण्याला भारी पडतो. गणपती येतात तेही चिखलातून. त्यानंतर हवा फार सुरेख होते, नाही असं नाही. पण ती सोमवार ते शनिवार. रविवारी सकाळी तुम्ही गाडीच्या डिकीत विमान ठेवलंत की पश्चिमेला काळं होतंच.

तेव्हा आभाळाकडे बघायचंच नाही. चार्जरकडे बघायचं. उडवायचं की नाही हा निर्णय या छंदात वाऱ्यावरून होत नसतो. तो आदल्या रात्री बॅटरी चार्जिंगला लावतानाच होऊन गेलेला असतो. तीन सेलची लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी, भरलेला प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट, एकूण १२.६. पूर्ण भरलेली लिपो तशीच पडून राहिली की खराब होते हे शास्त्र आहे, आणि बाहेर धो धो लागलेला असताना हे शास्त्र घरात फार उपयोगी पडतं. "बॅटरी वाया जाईल गं," असं म्हणायचं आणि दोन हजारांची बॅटरी वाचवायला आठ हजारांचं विमान घेऊन बाहेर पडायचं. चार्जरमध्ये 'स्टोरेज' नावाची एक सोय असते. ती लावली की चार्जर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवतो आणि बॅटरी निवांत पडून राहते. माझ्या चार्जरवरचं ते बटण अजून करकरीत आहे. तुमचंही तसंच राहू द्या.

आता वारा. फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं १८०५ साली वाऱ्याची पट्टी केली, पुढे तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. तीन नंबरला पानं आणि बारीक डहाळ्या सारख्या हलतात, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर. चार नंबरला धूळ आणि कागद उडतात. पाचला लहान झाडं डोलतात. सहाला छत्री आवरत नाही. फोमच्या शिकाऊ विमानाची मजा तीन नंबरलाच संपते, पण ही झाली साहेबाची पट्टी. आमच्या ग्रुपची पट्टी एकाच नंबरची आहे: "वारा आहे, पण स्टेडी आहे." बेळगावच्या शहापुरात कुणाची साडी दोरीसकट शेजारच्या गल्लीत गेली, तरी स्टेडी. टपरीवाल्यानं ताडपत्रीवर चौथा दगड ठेवला, तरी स्टेडी. वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, असं गणित मैदानावर कुणी काढलंच, तर त्याला मिरची भजी आणायला पाठवावं.

जागा निवडताना थोडा विचार हवा. सांबऱ्याकडे जायचं नाही, तिथं विमानतळ आहे, हवाई दल आहे, आणि त्यांची विमानं खरी आहेत. लष्कराच्या कॅम्पात तर बॅगेची चेनसुद्धा उघडू नये. व्हॅक्सिन डेपो दिसायला मोकळा, पण तिथं झाडं आहेत. विमानाला आणि झाडाला एकमेकांची ओढ असते. दोनशे फूट मोकळं रान सोडून ते एकुलत्या एका निलगिरीत जाऊन बसतं. शिवाय डेपोत फिरायला येणारी निवृत्त मंडळी असतात. ती झाडाखाली उभी राहून तासभर सल्ले देतात आणि दगड कुणी मारावा यावर दोन तट पडतात.

कायदाही बघून ठेवा. २०२१ च्या ड्रोन नियमांत आपल्यासारख्यांच्या हौशी मॉडेलची व्याख्या आहे: वजन २५ किलोपर्यंत आणि उडवायचं ते नजरेच्या टप्प्यात. घाटाकडच्या जांबोटी-कणकुंबीला पावसाळी धुक्यात नजरेचा टप्पा म्हणजे आपल्याच छत्रीची कड. तिथं विमान हातातून सुटलं की पहिल्या सेकंदाला नियम मोडतो आणि चौथ्या सेकंदाला विमान.

सीमेवर उडवण्याची मजा मात्र वेगळीच. वेंगुर्ला रोडनं बाची ओलांडली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. पावसाळी वारा पश्चिमेचा. शिनोळीच्या माळावर विमान हातातून सोडलं की ते सरळ कर्नाटकाकडे निघतं. आमचा सीमाप्रश्न १९५६ पासून लोंबकळतोय, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आणि हा नऊशे ग्रॅमचा फोम कुणालाही न विचारता मिनिटभरात पलीकडे सामील होऊन मोकळा. त्याला परत आणायचं तर वाऱ्याच्या तोंडाला यावं लागतं, आणि तेवढी बॅटरी कुणाकडेच उरलेली नसते.

रंगाचंही भान ठेवा. फोमवर चिकटपट्टी लावायची म्हणजे साधी गोष्ट वाटते. भगवी लावलीत तर एका चौकात गाडी थांबवून विचारपूस होईल. कन्नड झेंड्याची लाल-पिवळी लावलीत तर घरी परतताना आपल्याच गल्लीत होईल. पांढरी लावा, ढगात विमान अजिबात दिसणार नाही, पण शांतता राहील. पंखावर नाव-नंबर मराठीत घातलात तर जागा सोडून घाला. दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं असा नियम झालाय, पंखांचं अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

बरं, उडालात. विमानाला जमीन कळत नाही, त्याला फक्त हवा कळते, आणि तुम्हाला नेमकं उलट, फक्त जमीन दिसते. समजा विमान हवेत ताशी ४० नं चाललंय आणि वारा ३० चा आहे. वाऱ्याच्या तोंडाला ते ताशी १० नं रांगतं. लोक टाळ्या वाजवतात, "हेलिकॉप्टर झालं बघ की" म्हणतात, तुमची छाती फुगते. मग तुम्ही वळवता. वारा पाठीशी आला की तेच विमान जमिनीवरून बघणाऱ्याला ७० नं पळताना दिसतं. अशा वेळी घाबरून थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारी कांडी, झटकन खाली ओढावा. हवेच्या हिशोबानं ते बिचारं अजून ४० नंच चाललेलं असतं. त्याचं २५ झालं की पंख उचल सोडतात आणि नाक खाली जातं. पुस्तकात याला स्टॉल म्हणतात. आमच्याकडे 'बसलं' म्हणतात. नाक खाली गेल्यावर एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी कांडी, पूर्ण मागे ओढून धरला की राहिलेली शंकाही मिटते.

उतरवायचं ते शक्यतो झाडांच्या रांगेच्या आडोशाला. तिथं वारा कमी लागतो असं वाटतं. प्रत्यक्षात रांगेवरून आलेला वारा मागच्या बाजूला गरागरा फिरत खाली पडतो, घाटात ट्रकच्या मागून स्कूटर नेली की कसं होतं, तसं. विमान आधी वर उचललं जातं, मग एक पंख कुणीतरी पाय ओढावा तसा खाली जातो. बघायला छान वाटतं. दुसऱ्याचं असेल तर.

हे सगळं मी ऐकीव सांगत नाही. गेल्या पुनर्वसूत येळ्ळूरच्या शिवारात मी स्वतः हे सगळं, याच क्रमानं, दीड मिनिटात करून दाखवलं. राजहंसगड ढगात बुडालेला. झिमझिम सुरू होती, पण ती स्टेडी होती. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला, म्हणजे पाणी आत जाऊ नये. पाणी गेलं नाही. आतून मात्र पिशवीला वाफ धरली आणि कुठला अंगठा कुठल्या कांडीवर आहे ते दिसेना. चष्म्यावर थेंब. एका थेंबात विमान उलटं दिसत होतं, दुसऱ्यात सुलटं. मी उलट्यावर विश्वास ठेवला.

भाताच्या ओळींत भांगलणाऱ्या बायका होत्या. डोक्यावरच्या प्लॅस्टिकच्या खोळी एकदम वर झाल्या. 'थप' असा आवाज आला, चिखलात म्हैस बसावी तसा. मी बूट हातात घेऊन बांधावरून पोहोचेपर्यंत खोळ घेतलेले एक मामा तिथं येऊन उभे होते.

"काय गा, कशाचं हे?"

"विमान आहे, मामा."

"उडतंय?"

"उडतं की."

"मग हितं कशाला आलंय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मोटर चिखलात दातापर्यंत रुतली होती, मोटरवरचा पंखा दोन तुकडे, फोमबोर्डवरचा कागद ओल्या पापडासारखा सुटून वाऱ्यावर फडफडत होता. डावा पंख सापडलाच नाही. मामांनी दहा-बारा रोपं वाकलेली बोटानं दाखवली, पैसे मात्र घेतले नाहीत. "पोरासोरांचं खेळणं," म्हणाले. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे.

इथून पुढे खरी कसब सुरू होते, कारण उडवायला कुणालाही येतं, कारण सांगायला अक्कल लागते. जुन्या लोकांचं बरं होतं. त्यांचे रेडिओ ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झवर चालायचे, मैदानात दुसऱ्यानं त्याच चॅनलचा रेडिओ चालू केला की तुमचं विमान खरोखर खाली यायचं. सन्मानानं पडता यायचं. आताच्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओंनी ती सोय काढून घेतली. एका मैदानात दहा जणांनी विमानं उडवली तरी कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. तरीही 'सिग्नल गेला' हेच म्हणायचं, आणि खाली बघत म्हणायचं. सीमाभागात आपल्याला एक जादा सवलत आहे. बाचीजवळ मोबाइल खिशातल्या खिशात 'महाराष्ट्रात आपले स्वागत आहे' म्हणतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे "रेडिओ रोमिंगवर गेला" म्हटलं की निम्मे लोक मान हलवतात. इंजिनिअर मंडळी असतील तर उंचीवर ढकला: बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर, हवा सात टक्क्यांच्या आसपास विरळ, म्हणून विमान लवकर बसतं. हिशोब केला तर तो फरक ताशी एक किलोमीटरही भरत नाही. पण 'डेन्सिटी' हा शब्द जड आहे, आणि चिखलात उभं राहून कुणी हिशोब करत नाही.

विजांबद्दल विचारतात लोक. वळवाच्या वेळी मोकळ्या माळावर सगळ्यांत उंच वस्तू आपणच असतो, हातात रिमोट, मान वर. यावर मी काय सांगू? आमच्या ग्रुपातही गडगडलं की सगळे गाडीत जाऊन बसतात. तेवढी एक गोष्ट आम्ही स्टेडी म्हणत नाही.

घरी आल्यावर चिखलातली बॅटरी पुसून बघा. ती पुरीसारखी टम्म झालेली असेल. जाणकार म्हणतात, फुगलेली लिपो पुन्हा चार्ज करू नये, घराबाहेर वाळूच्या बादलीत ठेवावी, पेट घेते. तुम्ही तिच्यावर वजन ठेवून रात्रभर चपटी करायचा विचार करत असाल, तर त्याआधी विमा एजंटाला फोन करा. त्याला तुमच्यापेक्षा लवकर कळेल. आमच्याकडे आईनं माझी फुगलेली बॅटरी पाहिली, काही न बोलता फुलझाडाची कुंडी रिकामी केली, बॅटरी मातीसकट तीत घातली आणि कुंडी अंगणात नेऊन ठेवली. इतकं चांगलं सेफ्टी ट्रेनिंग मला कुणी दिलेलं नाही.

दसऱ्याच्या आसपास येळ्ळूरच्या रस्त्यानं जाताना एका भाताच्या शेतात काहीतरी लकाकलं. लोंब्या भरल्या होत्या. मधोमध चिव्याच्या काठीला माझा डावा पंख तारेनं बांधलेला, माझा फोन नंबर ठळक, आणि वाऱ्यावर तो असा डुलत होता की माझ्या हातात कधी डुलला नव्हता. मी गाडी थांबवली. मामा बांधावर होते.

"मामा, हा माझा पंख."

"ठाऊक हाय की. पाखरू एक बसंना झालंय हिकडं." मग त्यांनी शेताच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं. "त्या कोपऱ्याला मात्र लई बसताहेत. आणि एक पाड की तिकडं."

गडावर ढग उतरत होते. बॅटरी पिशवीत होती, रात्रीच भरलेली.