पोळीवाल्या मावशी आणि ते दोन टक्के

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींनी परवा तव्यावरची पोळी उलटता उलटता विचारलं, "ताई, आम्ही टॅक्स भरत नाही, तर आमचं मत काढून घेणार म्हणे?" त्या मानखुर्दहून येतात. भाच्याने त्यांना मोबाइलवरचा मेसेज वाचून दाखवला होता. तोच मेसेज सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी टाकलेला: देशात दोनच टक्के लोक कर भरतात, बाकीचे ९८ टक्के फुकटे, आपण चौथी मोठी अर्थव्यवस्था झालो, आता फुकट रेशन बंद करा आणि मत फक्त करदात्यांना द्या. खाली तिरंगा नि हात जोडलेले.

आधी ते दोन टक्के. आकडा साधारण बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करते. पण तो फक्त प्राप्तिकराचा, आणि भागाकारात पाळण्यातली बाळंसुद्धा धरलेली. मावशींचा फोन मागून घेतला आणि हिशेब केला. २९९ रुपयांच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे त्यातले ४५ रुपये ६१ पैसे कर. मलबार हिलवरच्या माणसालाही त्याच रिचार्जवर तेवढाच पडतो. साबण, दंतमंजन, केसांचं तेल सप्टेंबर २०२५मध्ये पाच टक्क्यांवर आलं. त्याआधी टूथपेस्ट नि साबणावरही १८च होते आणि मावशी ते निमूट देत होत्या. कुणी त्यांना करदात्या म्हटलं नाही, कारण त्यांना फॉर्म १६, म्हणजे पगारातून कर कापल्याचा दाखला, मिळत नाही.

केंद्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात रुपया कुठून येतो याचा तक्ता आहे. काकांनी तो एकदा उघडावा. रुपयात प्राप्तिकराचे २२ पैसे, जीएसटी वगैरेचे १८, कंपन्यांच्या कराचे १७. सगळ्यात मोठा वाटा कर्जाचा, २४ पैसे. देश आपल्याच पगारावर चालतो ही ऐट २२ पैशांची आहे. हां, शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही आणि त्या आडोशाला काही बडी मंडळी बसलेली आहेत, हे खरं. पण त्याचा राग मानखुर्दच्या रेशनकार्डावर का?

चौथा क्रमांक: आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एप्रिल २०२५च्या अंदाजात आपण जपानच्या किंचित पुढे होतो, तेही एकूण आकारात. माणशी उत्पन्न काढलं तर जपानच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. मग माणशी महिना पाच किलो धान्य कुणाला लागतं, हे वेगळं सांगायला नको.

आणि पगारातून दरमहा कापले जाणारे २०० रुपये, ज्यावर काका नोकरीभर कुरकुरले? तो व्यवसाय कर महाराष्ट्राने १९७५मध्ये रोजगार हमीसाठीच लावला. दुष्काळात खडी फोडणाऱ्याला शहरातल्या पगारदाराने पैसे द्यायचे, हे आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वी ठरलंय.

राहिलं मत. कर आणि मालमत्ता पाहून मत इंग्रजांच्या १९३५च्या कायद्यात मिळायचं. घटनेच्या कलम ३२६ने ते मोडीत काढलं. मावशींना एवढंच सांगितलं, "तुमचं मत कुणी काढत नाही."

काकांना मात्र ग्रुपवरच विचारलंय. पेन्शन आणि एफडीचं व्याज मिळून त्यांचं वर्षाचं उत्पन्न बारा लाखांच्या आत आहे, प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत कर शून्य. त्यांच्या नियमाने पहिलं नाव त्यांचंच कटतं. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.