हात जात नाही म्हणून नट तसाच सोडायचा?

गाडी गार असते तेव्हाच आवाज येतो, सगळा घोळ तिथेच आहे. सकाळी चावी फिरवली की बॉनेटखालून टिक-टिक-टिक. ॲक्सिलरेटर दाबला की आणखी जोरात. धायरीहून निघून सिंहगड रोडच्या गर्दीत रखडत गॅरेज गाठेपर्यंत इंजिन तापतं, धातू फुगतो, फट बुजते आणि आवाज बंद. मग मेकॅनिक म्हणतो, "टॅपेट असतील साहेब. जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच."

नाही चालायचं! टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, नाहीत ते. मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा नळ्यांचा जोड, हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) जिथे बसतं तिथून धूर गळतोय. काळी काजळी धरलीय, डोळ्यांना दिसतेय. गाडी रात्रभर ठेवून घ्या आणि सकाळी गार इंजिनावर ऐका म्हटलं, तर जागा नाही म्हणे.

बरं, नट आवळायला घेतले तरी काय करतात? समोर दिसतात तेवढे एअर गन लावून कचकचून आवळायचे, तेही इंजिन तापलेलं असताना. खालच्या ओळीतला, फायरवॉलकडचा (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याकडचा) शेवटचा नट तसाच. का? हात जात नाही. अहो, गळतंय तिथूनच ना! ८ मिलिमीटरचा स्टड आहे तो, २०-२५ न्यूटन-मीटरचा पीळ त्याला पुरे. ट्रकच्या चाकाचा नट नाही. हेड ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. रोजच्या त्या ताणात नट सैल होणारच. म्हणून गार इंजिनावर, मधून बाहेरच्या बाजूला जात, थोडे थोडे करत सगळे सारखे आवळायचे असतात. एक टोक मोकळं सोडलं की नवं पॅकिंगही जळतं. पुन्हा पॅकिंगचे पैसे, पुन्हा मजुरी, आणि पुन्हा तीच टिक-टिक.

शेवटी पार्किंगमध्ये मीच बसलो. हीट शील्डचे, म्हणजे मॅनिफोल्डवरच्या उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचे, बोल्ट गंजून एकजीव झालेले. आदल्या रात्री तेल मारून ठेवलं तेव्हा कुठे सुटले. नट दिसत नाही, बोटांनी चाचपायचा. ओपन पान्याचं तोंड १५ अंश तिरकं असतं, त्यामुळे पाना उलटसुलट करत दर वेळी ३० अंश तरी फिरवता येतो. इथे तेवढीही जागा नाही. मूठ फायरवॉलवर आपटते, पत्र्याची कड मनगटात घुसते. नाना पेठेतून लांब एक्स्टेंशन आणि युनिव्हर्सल जॉइंट आणला, तर गोटी (सॉकेट) तिरकी बसून नटाचे कोपरे खायला लागली. मग जुन्या बाजारातून १२ चा रिंग पाना घेतला, वेल्डरकडून दांडा अर्धा कापून, तापवून वाकवून घेतला. त्याने नट फिरला. जवळजवळ पाऊण आटा सैल होता. पाऊण आटा!

कारखान्यात इंजिन बाहेर असतं, तिथे हा नट बसवायला काहीच लागत नाही. पण पुढची पंधरा-वीस वर्षं तो आवळणार कोण, कसा, याचा विचार नको करायला? शील्डला एक खाच दिली असती तरी पाना सरळ गेला असता.

आणि हा नुसत्या आवाजाचा प्रश्न नाही. केबिनची हवा काचेखालच्या जाळीतून आत येते, आणि गळती बरोबर त्याच्या खाली. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. या गाडीत माझी म्हातारी आई बसते, सिग्नलला दहा-दहा मिनिटं गाडी चालू असते.

हात पोचत नसेल तर तसं तोंडावर सांगा, मी दुसरीकडे जाईन. पण बिलावर "मॅनिफोल्डचे सर्व नट टाइट केले" असं लिहून माझ्याकडून पैसे घेऊ नका.