तो तुझा कोण लागतो?

आज राणीबागेतून, म्हणजे मुंबईच्या प्राणिसंग्रहालयातून, आले ती डोकं तापवूनच. पाय दुखतायत, भांडी तशीच पडलीयत, पण आधी हे लिहून काढते. नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

भाचीच्या मुलाला घेऊन गेले होते. सहा वर्षांचा आहे. रविवार, त्यात मे महिन्याची सुट्टी, त्यामुळे भायखळा स्टेशनपासूनच माणसांचा लोंढा. वाघाच्या काचेपर्यंत पोचायला ढकलाढकलीत बराच वेळ गेला. पोचलो तर वाघ झोपलेला. काचेला जवळजवळ टेकून, कुशीवर, पुढचा एक पंजा उताणा. पंजाच्या गाद्या दिसत होत्या, बोटांच्या बेचक्यात वाळकं गवत अडकलेलं होतं. पोट सावकाश वर, सावकाश खाली. आमचं पोरगं काचेला नाक लावून बघत राहिलं. मीही. एवढ्या जवळून वाघाचा श्वास बघायला मिळतो, अजून काय हवं माणसाला?

शेजारी एक गृहस्थ आले. खांद्यावर चारेक वर्षांची मुलगी, हातात बाईकची किल्ली. त्यांनी किल्लीने काचेवर टकटक सुरू केली. मागून कुणीतरी शिट्टी मारली, कुणी "ए ऊठ ना रे" म्हणून ओरडलं. तीन पोरं वाघाकडे पाठ करून रील काढत होती. वाघाने डोळे उघडले नाहीत. फक्त कान आवाजाच्या बाजूला फिरला. परत टकटक, परत कान. झोपेत माणूस माशी हाकलतो ना, तसा.

मी म्हटलं, "अहो, झोपलाय तो. नका ना उठवू."

"काकू, तिकीट काढून आलोय. झोपलेला वाघ बघायला आलो काय एवढ्या लांबून?"

आणि मग त्या चिमुरडीने वडिलांचं बघून आपला इवलासा हात काचेवर आपटला. बाप म्हणाला, "शाब्बास." आजूबाजूचे हसले.

मी तिथून निघाले, पण ते "शाब्बास" दादरपर्यंत, ठाण्यापर्यंत, घरापर्यंत माझ्याबरोबर आलं.

आता आप्पांची गोष्ट सांगते. तुमच्यापैकी लालबागकरांना काही समजावून सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. आप्पा गिरणीत होते, साचा खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. तिसरी पाळी असली की रात्री बाराला आत आणि सकाळी सातला बाहेर. घरी यायचे तेव्हा केसांत, भुवयांवर कापसाची पांढरी लव असायची. आंघोळ, चहा, आणि दहा बाय बाराच्या खोलीत डोळ्यांवर टॉवेल टाकून झोप. आई खिडकीवर चादर लावायची आणि आम्हा भावंडांना गॅलरीत हाकलायची. "आप्पा झोपलेत" हे वाक्य आमच्या घरात देवाच्या नावासारखं होतं. शेजारचे रेडिओ बारीक करायचे. पाणी भरताना बादलीचा आवाज होऊ द्यायचा नाही. आख्ख्या चाळीत कोण कुठल्या पाळीला आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं.

तर एका रविवारी सकाळी आप्पा पाळीवरून येऊन झोपलेले. राणीबागेला न्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. आम्हाला कुठला धीर! मी सात-आठ वर्षांची असेन. आईचा डोळा चुकवून आत गेले आणि त्यांना गदागदा हलवून उठवलं. "आप्पा, राणीबाग." ते उठले. रागावले नाहीत. तोंडावर पाणी मारलं, सदरा चढवला, आणि लालबागहून चालत आम्हाला घेऊन निघाले.

तिथे पाणघोड्याचं तळं. पाणघोडा पाण्याखाली, नुसतं हिरवट पाणी दिसतंय. मी कठड्याला लोंबकळून टाळ्या पिटायला लागले, "ए ऊठ, ए वर ये." आप्पांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "सकाळी तू मला उठवलंस, मी उठलो. मी तुझा बाप आहे, म्हणून उठलो. तो तुझा कोण लागतो? तो कशाला उठेल?"

बास. एवढंच. मग बाजूला उकिडवे बसले आणि म्हणाले, "येईल तेव्हा येईल. आपण बसू."

मला आज त्या किल्लीवाल्या माणसाला हेच विचारायचं होतं. तो तुमचा कोण लागतो हो? पन्नास रुपये टाकलेत म्हणजे त्याने तुमच्या पोरीपुढे उठून डरकाळी फोडायची? वाघ, बिबट्या, तरस, अस्वल ही सगळी मुख्यतः रात्रीची जनावरं. भर दुपारी बाराच्या उन्हात ती झोपणार नाहीत तर काय नाचतील? रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलाय. त्याच्या दारावर तुम्ही किल्ली आपटताय, तीही एकामागून एक, हजार माणसं, दिवसभर, बुधवारची सुट्टी सोडून रोज.

आणि हे नुसतं माझं हळवेपण नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये कलम ३८-जे आहे. प्राणिसंग्रहालयातल्या जनावराला डिवचायचं नाही, खायला घालायचं नाही, आवाज करून त्रास द्यायचा नाही, कचरा टाकायचा नाही. गुन्हा आहे तो, गुन्हा! पण शंभर माणसांमागे शिट्टी घेऊन उभा असलेला एक सुरक्षारक्षक काय काय करणार? आज तो बिचारा घसा बसेस्तोवर "काचेपासून मागे व्हा" म्हणत होता आणि लोक त्याच्याकडे असं बघत होते जसा काही तोच वाघाला झोपवून आलाय.

हो, माहितीये. लोक कर्जत-कसाऱ्याहून येतात, लहान पोरं कडेवर, ऊन मी म्हणतंय, आठवड्याची एकच सुट्टी. काहीतरी बघायला मिळावं असं वाटणारच. मान्य. पण मान्य केलं तरी काचेवर किल्ली आपटायची परवानगी त्यातून मिळत नाही.

पेंग्विनपाशी तर वेगळीच तऱ्हा. (पेंग्विनच्या राजकारणावर या भिंतीवर पुरेशी भांडणं झालीत, ती कृपया पुन्हा नकोत.) २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आणले तेव्हापासून मी पाच-सहा वेळा गेलेय आणि दर वेळी एक वाक्य ऐकू येतंच येतं, "बर्फ कुठाय? एवढासाच?" अहो, हे हम्बोल्ट पेंग्विन. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. खडकांत राहतात, बर्फातले नव्हेतच ते. शेजारी फलक असतो, त्यावर सगळं लिहिलेलं असतं. पण वाचायला दोन मिनिटं थांबावं लागतं, आणि तेवढा वेळ आपल्याकडे नाही. आपल्याला पुढचा पिंजरा गाठायचाय, मग त्याच्या पुढचा, मग आईस्क्रीम.

बागेतल्या संग्रहालयाच्या बाहेर दगडी हत्ती आहे बघा, घारापुरीहून आणलेला. इंग्रज १८६४ मध्ये उचलायला गेले तेव्हा फुटला, आणि १९१४ मध्ये इथे तुकडे जोडून उभा केला. त्याच्यापुढे लोक किती शांतपणे फोटो काढतात! दगडाच्या हत्तीला कुणी "हा काही करत नाही" म्हणत नाही. जिवंत जनावराने मात्र काहीतरी केलंच पाहिजे.

आता काही मित्रमंडळी लगेच लिहितील की मुळात प्राणिसंग्रहालयंच नकोत. मला ते निम्मं पटतं. आमच्या लहानपणचे ते गजांचे पिंजरे, खाली सिमेंटची फरशी, तो उग्र वास, आणि त्या फरशीवर येरझाऱ्या घालणारं जनावर. इकडून तिकडे, वळायचं, तिकडून इकडे, त्याच जागेवर वळायचं. ते बघून मी लहानपणीच गप्प व्हायचे. ते वाईटच होतं, त्याची बाजू मी घेणार नाही. आताची जागा मोठी आहे, माती आहे, झाडं आहेत, सावली आहे. तरी पिंजरा तो पिंजराच, हेही खरं. पण गिरणगावातल्या पोरांनी वाघ दुसरीकडे कुठे बघायचा होता? ताडोबाला जायची ऐपत आमच्या बापाची नव्हती आणि आजही मुंबईतल्या निम्म्या बापांची नाही. २०१७ मध्ये पाच रुपयांचं तिकीट पन्नास झालं तेव्हा मी याच भिंतीवर किती तावातावाने लिहिलं होतं, आठवत असेल. ही बाग गरिबांची आहे म्हणूनच मला तिच्यासाठी एवढं तुटतं. तिथलं जनावर आपल्यासाठी कोंडून घातलंय, निदान त्याची झोप तरी आपण मोडू नये. एवढंही जमत नसेल तर घरी बसून टीव्हीवर वाघ बघा. तो चोवीस तास डरकाळ्या फोडतो.

जरा जास्तच बोलले. राहू दे, खोडत नाही.

वाघापासून निघाल्यावर पोरगं विचारत होतं, "आजी, तू त्या काकांना ओरडलीस का?" म्हटलं, चल, तुला एका ठिकाणी नेते. पाणघोड्यापाशी नेलं. तिथेही तीच रड. लोक यायचे, बघायचे, "काहीच नाहीये", निघून जायचे. अर्ध्या मिनिटाच्या वर कुणी टिकत नव्हतं. आम्ही कठड्याशी बसकण मारली. त्याला म्हटलं, मोज. तो मोजायला लागला. सत्तरनंतर चुकला, परत एकपासून. पाणघोडा पाच-पाच मिनिटं खाली राहू शकतो. आणि गंमत म्हणजे तो पाण्यात झोपलेला असला तरी झोपेतच वर येतो, श्वास घेतो आणि परत खाली जातो. त्याला जागसुद्धा येत नाही.

पोरगं दोनशेच्या आसपास होतं तेव्हा पाणी किंचित फुगलं. आधी दोन नाकपुड्या वर आल्या, घट्ट मिटलेल्या, आणि मग एकदम उघडल्या. फुस्स करून पाण्याचा फवारा. मग डोळ्यांचे दोन उंचवटे. मग कान. ते इवलेसे कान त्याने भिंगरीसारखे गरगर फिरवले आणि त्यातलं पाणी चारी बाजूंना उडवलं. एवढ्या अवाढव्य देहाला एवढेसे कान! आमचं पोरगं ओरडलं नाही. माझा हात घट्ट दाबला फक्त. चार श्वास घेऊन पाणघोडा खाली गेला. पाणी परत सपाट.

"परत येईल?"

"येईल तेव्हा येईल. आपण बसू." माझ्या तोंडून आलं ते आप्पांचं वाक्य होतं, हे नंतर लक्षात आलं.

आप्पांचं अजून एक सांगायचं राहिलं. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेल्याने त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते मोठ्याने बोलायचे, चाळीच्या दुसऱ्या टोकाला जाईल असं. पाणघोड्यापाशी मात्र ते कुजबुजत. कुजबूज आमच्या कानाला बऱ्यापैकी मोठीच लागे, पण त्यांच्या मनात ती कुजबूज असे.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप लागला. पाळ्या गेल्या. भोंगा बंद झाला. आप्पांना रात्री झोपच येईना. इतकी वर्षं रात्री जागलेला माणूस, अंथरुणात उघड्या डोळ्यांनी पडून राहायचे. दिवसा घरात बसवत नसे. आई मला सांगायची, जा, बघून ये कुठे आहेत. मी चिंचपोकळीवरून चालत राणीबागेत जायची. तेव्हा तिकीट नावालाच होतं. ते तिथेच सापडायचे, पाणघोड्यापाशी, उकिडवे. कधी कधी बसल्या जागी त्यांचा डोळा लागलेला असायचा, मान छातीवर. मी उठवायचे नाही. शेजारी बसून राहायचे, जाग येईपर्यंत. आईने विचारलं एवढा वेळ का लागला, तर सांगायचे, पाणघोडा वर यायचा होता.

त्या किल्लीवाल्या माणसावर मघाशी फार चिडले होते. आता लिहिता लिहिता वाटतंय, त्याला कुणी कधी असं कठड्याशी बसवलंच नसेल. त्याच्या मुलीचा हात अजून लहान आहे. आपटायला शिकला तसा धरायलाही शिकेल, कुणी धरला तर.

आमच्या पोराला परत जायचंय. येत्या गुरुवारी मी रजा टाकतेय. बाग साडेनऊला उघडते, त्या वेळी ऊनही कमी असतं आणि गर्दीही. ज्यांना आपली पोरं, नातवंडं घेऊन यायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. पाण्याच्या बाटल्या आणा, टोप्या आणा. एकच अट आहे. पाणघोड्यापाशी किमान अर्धा तास बसायचं.