साहेबांच्या निर्णयामागचे अर्थशास्त्र कसे सांगावे

आपल्या लाडक्या नेत्याने एखादे धोरण जाहीर केले आणि त्यामागचे कारण सांगायचे राहून गेले, तर ते शोधण्याचे काम आपल्याकडे येते, हे सुजाण वाचकांना वेगळे सांगायला नको. त्यासाठी अर्थशास्त्र शिकण्याची आवश्यकता नाही. फार शिकल्यास उलट पंचाईत होते. निर्णय काय झाला आहे तेवढे नीट ऐकून घ्यावे आणि मग त्याच्या मापाचा सिद्धान्त हुडकायला निघावे.

समजा, साहेबांनी कर कमी केले. अशा वेळी अमेरिकन अर्थतज्ज्ञ आर्थर लॅफर यांच्या, कराचा दर आणि तिजोरीत येणारा पैसा यांचे नाते दाखवणाऱ्या वक्ररेषेला पर्याय नाही. १९७४ साली वॉशिंग्टनमधल्या एका उपाहारगृहात डिक चेनी आणि डोनाल्ड रम्सफेल्ड या अमेरिकी सरकारातल्या मंडळींना समजावताना ती त्यांनी रुमालावर काढली, अशी आख्यायिका आहे. खुद्द लॅफर यांना तो प्रसंग आठवत नाही; तिथले रुमाल कापडी होते आणि चांगल्या वस्तू खराब करू नयेत असे आपल्याला आईने शिकवले होते, असे ते सांगतात. आपण मात्र रुमाल सोडू नये. कर शून्य टक्के असला तर तिजोरीत काही येत नाही, १०० टक्के असला तर कोणी कमावण्याच्या फंदातच पडत नाही, म्हणून तेव्हाही काही येत नाही; शिखर मध्ये कुठेतरी असते. इथवर विरोधकही मान डोलावतात. ते शिखर नेमके किती टक्क्यांवर आहे आणि आपण त्याच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे आकृतीत कुठेही लिहिलेले नसते, आणि त्यातच तिची सारी थोरवी आहे. म्हणून आडव्या अक्षावर आकडे टाकण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

कोणीतरी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचे नाव काढीलच. तिथे २०१२ मध्ये आयकरात घसघशीत कपात झाली, महसूल आटला, आणि २०१७ मध्ये गव्हर्नरांच्याच पक्षाचे बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार झुगारून ती कपात बहुतांशी मागे घेतली. यावर औषध चुकले नव्हते, मात्रा कमी पडली, असे शांतपणे म्हणावे. हे विधान कोणालाही खोडता येत नाही.

पुढच्याच वर्षी साहेबांनी कर वाढवले तरी डगमगू नये. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी १९८१ मध्ये कर घटवले आणि १९८२ मध्ये काही कर वाढवलेही. अशा वेळी रुमाल घडी घालून खिशात ठेवावा आणि ‘वित्तीय शिस्त’ हा शब्द बाहेर काढावा.

आयात शुल्काचे समर्थन त्याहून सोपे आहे, फक्त खुल्या व्यापाराचा पुरस्कार करणाऱ्या अर्थतज्ज्ञ रिकार्डोचे नाव घेऊ नये. १९३० मध्ये अमेरिकेतल्या १,०२८ अर्थतज्ज्ञांनी शुल्कवाढीच्या विधेयकावर सही करू नका, अशी विनंती अध्यक्ष हूवर यांना केली होती. त्यांनी सही केली, आणि मग कॅनडासह इतर देशांनीही शुल्क वाढवले. इतके लोक एका सुरात बोलतात म्हणजे ते पुस्तकी पंडित. आपल्या बाजूने एखादा जरी बोलला तर तो मात्र ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ. शुल्क परदेशी माणूस भरतो, असे ठासून सांगावे. बंदरावरच्या पावतीवर देशी आयातदाराचे नाव असते, म्हणून ती पावती सभेत कोणाच्या हाती लागू देऊ नये.

शेवटी ‘दीर्घकालीन फायदा’ आहेच. दीर्घकाळात आपण सगळे मेलेले असू, असे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९२३ मध्ये लिहून ठेवले आहे. ते वाचलेला एखादा श्रोता नेमके किती वर्षांनी, असे विचारू लागला, तर पुढच्या निवडणुकीनंतरचे एखादे साल सांगून मोकळे व्हावे.