डोके दुखले म्हणून अपस्माराची गोळी बंद करावी का?

अपस्माराची, म्हणजे फिट किंवा झटके येण्याच्या आजाराची, गोळी सुरू असताना डोके दुखू लागले, तर ती मेंदूला इजा करते आहे असे समजावे, त्याच दिवशी ती बंद करावी आणि आराम पडेपर्यंत वेदनाशामक घेत राहावे, असा एक संदेश सध्या पुष्कळ फिरतो आहे.

डोकेदुखी हा या औषधांचा नोंदलेला दुष्परिणाम आहे, हे खरेच. लॅमोट्रिजिन हे औषध आधीच्या गोळ्यांना जोड म्हणून दिलेल्या प्रौढांच्या चाचण्यांत २९ टक्के लोकांनी ती सांगितली. पण त्याऐवजी औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतही ती १९ टक्के होती, आणि लेव्हेटिरॅसिटामच्या बाबतीत हेच आकडे १४ आणि १३ आहेत. इजेचे म्हणाल, तर व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट ही अपस्माराचीच औषधे अर्धशिशी टाळण्यासाठीही दिली जातात.

संदेशात ज्याचा उल्लेखच नाही, ते कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. झटका येऊन गेल्यावर डोके दुखणे ही नित्याची गोष्ट आहे. एकटा झोपणारा माणूस सकाळी ठणकत्या डोक्याने उठतो, जिभेची कड चावलेली असते, अंग आंबलेले असते, क्वचित अंथरूणही ओले असते; रात्री झटका आल्याचे त्याला आठवत नाही, आठवते ती झोपताना घेतलेली गोळी. अशा वेळी गोळी बंद करणे म्हणजे औषध अपुरे पडत असताना तेही काढून घेणे होय. एकाएकी गोळी थांबवल्यास झटके उसळू शकतात, पाच मिनिटांहून अधिक लांबू शकतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. गोळी बदलायची झालीच, तर डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.

वेदनाशामकाचा सल्लाही तितकाच उथळ आहे. ट्रॅमाडॉलने झटक्याची शक्यता वाढते, ॲस्पिरिनने रक्तातील मुक्त (प्रथिनांना न चिकटलेले, प्रत्यक्ष परिणाम करणारे) व्हॅल्प्रोएट वाढते, आणि साधी वेदनाशामकेदेखील महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर डोकेदुखी त्यांच्यामुळेच टिकून राहू शकते.

काही डोकेदुखी मात्र खरोखर औषधाकडे बोट दाखवते : कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन चालू असताना सोबत मळमळ आणि गोंधळलेपण (रक्तातील सोडियम उतरल्याची शंका), टोपिरामेट सुरू केल्यावर पहिल्या महिनाभरात डोळा दुखून अंधूक दिसणे, लॅमोट्रिजिनवर ताप, मान ताठणे किंवा अंगावर पुरळ. यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि गोळीचे काय करायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे.