'कोर्टच मॅनेज झालंय' म्हणणाऱ्यांनी तो निकाल एकदा वाचा तरी

शिवसेनेच्या निकालावरचा तो मेसेज परत फिरायला लागलाय. तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: "11 मे 2023 ला सुप्रीम कोर्टानेच शिंदे सरकार बेकायदेशीर ठरवलं आणि तरी वाचवलं. 16 आमदारांना हात लावला नाही, अध्यक्षांकडे ढकललं. पंतप्रधान सरन्यायाधीशांच्या घरी गणपतीला उगाच नाही गेले. कोर्ट मॅनेज आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." राजकारणाचे मेसेज कुठे कुठे खोडत बसायचं म्हणून आजवर सोडून देत होतो, पण आता तो माझ्या मावशीपर्यंत पोचलाय आणि त्याच्या जोरावर ती स्वतःचं नुकसान करून घ्यायला निघालीय.

जून 2022 मध्ये शिंदेंनी शिवसेना फोडली तेव्हा जे झालं, सुरत काय, गुवाहाटी काय, त्याचा मला तेव्हाही संताप आला होता आणि आजही येतो. म्हणून निकालात जे लिहिलेलंच नाही ते त्यात घुसवायचं का?

"सरकार बेकायदेशीर ठरवलं." नाही ठरवलं हो. निकालाच्या शेवटी निष्कर्ष एकाखाली एक दिलेत, पाच न्यायमूर्ती, एकमताने. राज्यपाल कोश्यारींनी ठाकरेंना बहुमत सिद्ध करायला सांगितलं ते चूक, कारण बहुमत गेलंय असं मानण्यासारखं ठोस काही त्यांच्यासमोर नव्हतं. विधानसभा अध्यक्षांनी शिंदे गटाच्या गोगावलेंना प्रतोद, म्हणजे आमदारांना पक्षाचा आदेश काढणारा, म्हणून मान्यता दिली तीही बेकायदेशीर, कारण प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष, म्हणजे नुसता आमदारांचा गट, नाही. पण शिंदेंना शपथेला बोलावलं ते बरोबर, कारण तोवर ठाकरेंनी राजीनामा दिलेला होता आणि सगळ्यात मोठा पक्ष असलेल्या भाजपने शिंदेंना पाठिंबा दिला होता. हे सगळं एकाच निकालात आहे. त्या दिवशी ठाकरे गटाने पहिलं तेवढं वाचून दाखवलं आणि नैतिकतेच्या मुद्द्यावर राजीनामा मागितला, शिंदे-फडणवीसांनी शेवटचं तेवढं वाचून दाखवलं आणि आपण जिंकलो म्हणाले, आणि टीव्हीवर बघणाऱ्याला वाटलं की कोर्टच दोन तोंडांनी बोलतंय.

मग ठाकरेंना परत का नाही बसवलं? कारण ते विश्वासदर्शक ठरावाला सामोरे गेलेच नाहीत, 29 जूनच्या रात्री स्वतःहून राजीनामा दिला. तो दिला नसता तर सरकार परत आणायचा विचार करता आला असता असं निकालातच लिहिलंय. अरुणाचलमध्ये 2016 ला याच कोर्टाने नबाम तुकींचं सरकार परत बसवलं होतं. तुकींनी राजीनामा दिलेला नव्हता.

शिंदेंबरोबर गेलेल्या ज्या 16 आमदारांना अपात्र करा अशी मागणी होती त्यांचं म्हणाल तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी घ्यायचा असं लिहिलंय, ते संसदेने 1985 ला लिहिलं, कोर्टाने नाही. 2007 मध्ये उत्तर प्रदेशच्या बसपा आमदारांना सुप्रीम कोर्टाने स्वतः अपात्र ठरवलं होतं हे खरंय, तेव्हा इथेही करता आलं असतं असं कुणी म्हटलं तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. पण तो अपवाद होता.

गणपतीचा फोटो सप्टेंबर 2024 चा आहे, निकाल त्याच्या सव्वा वर्ष आधीचा. ती भेट कॅमेऱ्यासमोर व्हायलाच नको होती, मलाही ती खटकली. पण तो पुरावा कसला? त्याच, तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या घटनापीठाने फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारची निवडणूक रोख्यांची योजना एकमताने रद्द केली, ते मेसेज लिहिणाऱ्याला का आठवत नाही?

आणि आता ते पायरीचं वाक्य, ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसलो. मावशीचा वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा तालुक्याच्या कोर्टात चालू आहे. भावांनी हक्कसोडपत्र तयार करून ठेवलंय, त्यावर तिची सही हवीय. त्यांचं म्हणणं, तुझं लग्न 1994 च्या आधी झालंय आणि वडीलही 2005 च्या आधी गेले, तुझा हक्कच नाही. मेसेज वाचून ती मला म्हणाली, दिल्लीचं कोर्टच असं असेल तर आपल्या तालुक्याचं काय घेऊन बसलास, सही करून मोकळी होते. तिला तो मेसेज ज्याने पाठवला त्यालाच त्या सहीचा फायदा आहे.

भाऊ सांगतात ते एकेकाळी खरं होतं. महाराष्ट्राने 1994 च्या कायद्याने मुलींना हिस्सा दिला पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची अट गेली, पण नंतर सुप्रीम कोर्टानेच 2015 मध्ये म्हटलं की 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात पाहिजेत. ते 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने साफ खोडून काढलं: मुलीचा हक्क जन्मापासून आहे, वडील त्या तारखेला हयात असोत नसोत. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा झाला असेल तर ती वाटणी टिकते, पण मावशीच्या घरात असलं काहीही झालेलं नाही. म्हणजे तिचा अख्खा दावा या एका निकालावर उभा आहे. आणि तो देणाऱ्या तिघांतले न्यायमूर्ती एम. आर. शाह शिवसेनेच्या निकालातल्या पाचांमध्येही होते. ज्या कोर्टाला मॅनेज म्हणून ती सही करणार होती त्याच कोर्टाने तिला हिस्सा दिलाय, आणि हे तिला कुठल्याही मेसेजने सांगितलं नाही.

एक मान्य करावंच लागेल, उशीर. तो कोर्टाचाही आहे. प्रकरण जून 2022 मध्ये कोर्टात गेलं, निकाल मे 2023 ला. त्यात अध्यक्षांना 'वाजवी मुदतीत' ठरवा म्हटलं, ते हलेनात, म्हणून आधी 31 डिसेंबर आणि मग 10 जानेवारी 2024 ची तारीख द्यावी लागली, आणि त्या दिवशी अध्यक्षांनी शिंदेंचीच सेना खरी म्हणून सांगितलं, दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र नाही. ते परत सुप्रीम कोर्टात गेलं आणि विधानसभेची मुदत संपून नोव्हेंबर 2024 ची निवडणूक झाली तरी निर्णय आला नव्हता. याचं समर्थन मी करणार नाही, कुणी करूही नये.

पण मग राग तिथे काढा ना. जानेवारी 2020 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की अपात्रतेच्या याचिका अध्यक्षांनी साधारण तीन महिन्यांत निकाली काढा, आणि हे काम पक्षाच्याच माणसाकडे, म्हणजे अध्यक्षांकडे, ठेवायचं की कायमस्वरूपी स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यायचं याचा संसदेने विचार करावा. संसदेने तो बदल केलेला नाही. त्यावर तुमच्या खासदाराला जाब विचारणारा मेसेज लिहा, तो मी स्वतः सगळ्या ग्रुपवर टाकतो.